मेहुणीचे वीस, माझे बावीस

३ जानेवारी
मेहुणीबाईंचा प्रयोग शिक्षकांच्या मासिकात छापून आलाय. व्हिनेगरमध्ये आम्ल किती? फ्लास्कमध्ये मोजून व्हिनेगर आणि रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वरून ब्युरेटच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब, गुलाबी झालं की थांबा. म्हणे वीस मिली लागतं. बायकोने ते पान फ्रिजवर चिकटवलंय. बारावीच्या प्रॅक्टिकललाही हाच प्रयोग येणार. लेक मी शिकवतो त्याच वर्गात. पुढच्या अ‍ॅडमिशनसाठी तिला पैकीच्या पैकी हवेत. म्हणजे तपासायलाच हवा. छापलं म्हणजे खरं झालं का?

४ जानेवारी
बावीस लागलं! बाईंचं रसायनशास्त्रच कच्चं.

६ जानेवारी
पुन्हा बावीस. आणि भांडी किती चोख! ज्या भांड्यात जे घालायचं, त्यानेच ते विसळायचं, ही माझी शिस्त. फ्लास्कसुद्धा व्हिनेगरने. लेक म्हणाली, बाबा, फ्लास्कमध्ये ते जास्तीचं... मी म्हटलं, लुडबूड नको.

९ जानेवारी
आमच्या लॅबमधल्या नव्या मॅडमना म्हणे वीस आले. उत्तर आधी वाचलं की येणारच! मासिकाला सणसणीत पत्र धाडलं. वर्गातही जाहीर केलं: फ्लास्क माझ्या पद्धतीने विसळा आणि छाती ठोकून बावीस लिहा. पोरांनी माना खाली घालून वहीत लिहून घेतलं. पटलेलं दिसतंय.

१५ जानेवारी
मासिकाची वाचा बसलीय. मेहुणी जेवायला आली. विषय काढायचा नाही, असं बायकोने बजावलं होतं. ताटं मांडायच्या आधीच काढला. मेहुणी एवढंच म्हणाली, भावजी, फ्लास्क कशाने धुता? रसायन सोडून भांड्यांवर घसरली! जिंकलो.

२ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल. बाहेरचे परीक्षक. सगळ्या वर्गाचे वीस. चोरट्यांनी फ्लास्क पाण्याने धुतले. बावीस एकीचेच. माझ्या लेकीचे. मार्क गेले.
परीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, सर, विसळताना फ्लास्कला चिकटलेलं व्हिनेगरही हिशेबात येतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.
घरी लेकीला विचारलं, तुला माहीत होतं? हो म्हणाली. मग असं का केलंस? म्हणाली, बाबा, अख्ख्या वर्गात तुमच्या बाजूने एक तरी नको का?
जेवलो नाही.

३ फेब्रुवारी
सकाळी लवकर लॅबमध्ये गेलो. एकटाच. फ्लास्क पाण्याने धुतला. वीस. ब्युरेट बदलून पाहिली. वीस.
फ्रिजवरचं पान आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. फ्लास्क फक्त पाण्यानेच धुवावा, असं ठळक छापलंय. आणखी ठळक हवं होतं.
लेकीने विचारलं, किती आले? वीस म्हटलं. मावशीला तूच सांग.