आधी उतार, मग गोलाई

रविवार, ९ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. मी मैत्रिणीकडे सुखरूप आहे. तिची खोली लहान, पण खिडकी मोठी. आईचा गुडघा कसा आहे ते तिला विचारू नकोस, "बरा आहे" एवढंच सांगेल. जिना चढताना बघ.

हे पत्र मैत्रिणीच्या भावाच्या हाती पाठवते, कारण फोनवर आपण दोघंही ओरडतो.

तुझा निरोप मिळाला. "ताई, प्लास्टिकच्या डब्याच्या भिंतींना तू सांगितलेला तो ड्राफ्टचा उतार कॉम्प्युटरलाच मान्य नाही, लाल खूण दाखवतोय. गुरुवारी सरळ भिंतींचाच साचा कापायला घेतो."

बारक्या, मशीनचा नकार म्हणजे निकाल नव्हे. तुझ्या नव्या डिझायनरने डब्याचे कोपरे आधी गोल केले आणि भिंतींना उतार नंतर मागितला. गोल कोपऱ्यांत अडकलेली भिंत कॉम्प्युटरला कलवता येईना, म्हणून त्याने हात वर केले. आणि तू त्या लाल खुणेला माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं केलंस.

डिझायनरला सांग, गोलाई काढ. डब्याच्या काठाची पातळी धर. तिथलं माप हलता कामा नये, झाकण तिथे बसतं. तिथून तळाकडे आतल्या-बाहेरच्या भिंती दीड अंश आत घे. मग खुशाल कोपरे गोल कर.

ग्राहकाला काटकोन हवा, हे मला ठाऊक आहे. पण प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि साच्याच्या आतल्या ठोकळ्याला गच्च धरून बसतं. सरळ भिंतींचा डबा सुटणार नाही. डबा बाहेर काढणाऱ्या पिना त्याला जोराने ढकलतील, तळ पांढरा पडेल, भिंतींवर ओरखडे उठतील. ग्राहक तो डबा तुझ्या टेबलावर आपटेल, तेव्हा त्याला काटकोन आठवणार नाही. बाबांच्या पश्चात मिळालेलं हे पहिलं मोठं काम. ते गेलं तर शेडला कुलूप, हे तू आईपासून लपवतोस. माझ्यापासून लपवू नकोस.

मी निघाले त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांसमोर तू म्हणालास, "ताईला नाही म्हणायची हौसच आहे." हौस कसली रे? जे साच्यातून निघणार नाही, त्याला मी नाही म्हणते. तुझ्या ग्राहकासमोर म्हणेन, गरज पडली तर त्याच्या टेबलावर चढून म्हणेन.

इथल्या एका कंपनीने नोकरीसाठी बोलावलं होतं. कॉम्प्युटर नवा, साहेब सभ्य. तासभर मी बोलले, कोणी मध्ये तोंड घातलं नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. त्यांना बुधवारी उत्तर हवंय.

"तुझंच बरोबर" असं म्हणायची गरज नाही, ते तुला या जन्मात जमायचं नाही. स्टील कापण्याआधी फाइल मला दाखव. मी ती माझ्या खुर्चीत बसून बघेन, इथून नाही. "ये" एवढं म्हण.

नाही बोलावलंस, तरी उतार दे.

त्यांना अजून हो न म्हणालेली,
तुझी ताई