जोडीतली दुसरी डिस्क

सोमवार, ३ जून
लागली एकदाची नोकरी! इस्पितळाची कॉम्प्युटर-खोली आता माझ्या ताब्यात. खोली टीचभर, पण एसी असा की स्वेटर घालून बसावं लागतं. पेशंटांच्या सगळ्या नोंदी दोन डिस्कवर असतात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशनही इथेच झालंय. ते सगळ्या वॉर्डाला सांगत सुटलेत, आता पोरीचं राज्य आहे म्हणून.

मंगळवार, ४ जून
कर्नल, म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्राम, जुनापुराणा होता. नवा घातला. आधीचे ऑपरेटर फोनवर म्हणाले होते, चालतंय ना, मग कशाला हात लावतेस? मी कुणाचं ऐकते होय! तेव्हापासून दोन्ही डिस्कची जुळवणी चाललीय. शंभर टक्क्यांना पोचते की पुन्हा शून्यापासून सुरू. डोक्याला नुसता ताप.

बुधवार, ५ जून
सकाळच्या जुळवणीनंतर सात नंबरच्या शिंपीकाकांच्या नोंदीत आलं, 'मृत, दुपारी १:२०'. सिस्टरना कळवलं. त्या हसल्या, म्हणाल्या, अगं बाई, ते तर चहात साखर कमी म्हणून भांडतायत. मीही हसले आणि नोंद पुसली.
एक वीसला गेले बिचारे.

गुरुवार, ६ जून
आज बारा नंबरच्या बाई. तसंच, मिनिटाचाही फरक नाही. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, रजा घ्या, झोप काढा.
दोन्ही डिस्क वेगवेगळ्या उघडल्या. दर फेरीला दुसरीवर नवं काहीतरी उगवतं आणि पहिलीवर उतरतं. पहिलीवर बाबा: 'प्रकृती उत्तम, शनिवारी घरी.' दुसरीवर: 'मृत, शुक्रवार, दुपारी ४:१०.'


शुक्रवार, ७ जून, दुपारी ३
यंत्र बंद करून दुसरी डिस्क काढली, तिच्या जागी कोरी घातली. आता पहिलीवरचं चांगलं तेवढंच कोरीवर उतरेल. बाबांना बघून आले. म्हणाले, तोंड का उतरलंय, जेवलीस का? जीव भांड्यात पडला.

३:४०
काढलेली डिस्क लॅपटॉपला लावून पाहिली. तिच्यावर बाबा — 'प्रकृती उत्तम'.
देवा रे. नवा कर्नल डिस्कची नावं आपल्या मनानं ठरवतो. पडद्यावरची 'दुसरी' आता पहिल्या खणात असते. ठाऊक होतं मला! तरी खणावरचं जुनं लेबल वाचून ओढली. चांगली तीच ओढली, 'मृत'वाली आत राहिली आणि आता तीच कोरीवर उतरतेय. या हातांनी —

३:५८
९४ टक्के. थांबवतेय, थांबत नाही. कुणी ऐका रे माझं —

४:०४
९८. वायर उपटली. पडदा काळा. डिस्क फिरतेच आहे. वायर माझ्या हातात आहे आणि ती फिरते —

४:०९
वॉर्डला फोन लावला. सिस्टरनी बाबांना दिला. अगदी ठणठणीत आवाज. म्हणतायत, बोल की पोरी, रडतेस काय? बाबा, माझं चुकलं — म्हणतायत, थांब हं जरा, छातीत कसंतरी —