पुढची खोली आणि दोन खुर्च्या

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, अविवाहित, विद्यापीठाच्या नोकरी मार्गदर्शन कक्षाची निवृत्त प्रमुख, हे स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुतण्याला शंका असेल तर त्याने आधी स्वतःचा दाखला आणावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे.

१. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची पुतण्याला मिळावी. त्याने मला दोनदा दवाखान्यात नेले आणि एकदाही बोलून दाखवले नाही, याची नोंद घेते. पुढची खोली मात्र त्याला नाही. तिला शटर लावून गाळा काढायचा त्याचा बेत आहे.

"आत्या, आठवडाभर रिकामीच तर असते."

"शनिवारी येऊन बघ."

"शनिवारी मला जमत नाही गं."

"दहापर्यंत लोळायला बरं जमतं."

२. पुढची खोली. मी निवृत्त झाले त्याच वर्षी विद्यापीठाने कक्ष बंद केला. मुलांनी सगळे संगणकावर पाहावे असे ठरले. ज्यांच्या घरात आजवर कोणी नोकरीचा अर्ज लिहिला नाही, त्यांनी तिथे नेमके काय पाहावे, ते ठरले नाही. म्हणून मी या खोलीत एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. एकोणीस वर्षे दर शनिवारी मुलाखतीची तालीम चालते. "स्वतःबद्दल सांगा," म्हटले की दहातली आठ मुले "माझे वडील हमाल आहेत" किंवा "आई धुणीभांडी करते" इथून सुरू करतात. मी म्हणते, "नोकरी वडिलांना हवी आहे का? तू बोल." मग बोलतात. पोटातले ओठावर यायला साधारण तीन शनिवार लागतात.

ही खोली टेबलखुर्च्यांसह मी 'इस्त्री' हिला देते. तिचे पूर्ण नाव व पत्ता पुरवणीत आहे. का देते, ते पुतण्याने नीट वाचावे.

सव्वीस वर्षांपूर्वी ती कक्षात अर्ज घेऊन आली. पहिलीच ओळ होती: 'आईच्या इस्त्रीच्या दुकानात सहा वर्षे काम. रोज दीडशे कपडे. एकाचाही कपडा दुसऱ्याकडे गेला नाही.' मी लाल पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि वर लिहिले, 'वाचनाची आवड'. चांगले दिसावे म्हणून. जागा होती एका गोदामात, माल नीट लावून ज्याचा त्याला पोहोचवण्याची.

संध्याकाळी ती परत आली.

"मॅडम, कोणतं पुस्तक वाचलं म्हणून विचारलं."

"मग?"

"मग काय? अभ्यासाचं सोडून मी वाचलंय कधी? वेळ कुठे होता? गप्प बसले."

"अगं, मग इस्त्रीचं सांगायचंस!"

"तुम्हीच खोडलंत ना ते. मला वाटलं, लाज वाटण्यासारखं असेल."

जागा गेली. मी माफी मागितली. नोकरीत असताना कोणाची मागितलेली ती एकच. लाल पेन्सिल तिच्यासमोर मोडली. त्यानंतर मी कोणाच्या अर्जातली ओळ खोडलेली नाही. सांगायचे ते समासात लिहिते. पुढच्या अर्जात तीच ओळ सर्वांत वर राहिली आणि नोकरी लागली. आज ती एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडाराची प्रमुख आहे. चार हजार चादरी आहेत, एकीचाही पत्ता चुकत नाही. गेली अकरा वर्षे शनिवारी प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत तीच बसते. माझ्यापेक्षा कमी ओरडते. तेवढे एक सुधारावे.

अट एकच: त्या खोलीत शनिवारी मुले येत राहावीत. सलग एक वर्ष कोणी आले नाही, तर खोली पुतण्याने घ्यावी. पण त्याने कोणाला दारातून परत पाठवले असे कळले, तर गच्चीही जाईल.

३. कपाटातले बूट व कोट. मी घरातली पहिली पदवीधर. पहिल्या मुलाखतीला बहिणीचे बूट घालून गेले होते, एक नंबर लहान. प्रश्न आठवत नाहीत, बोटे आठवतात. म्हणून हे कपाट. मुलाखतीपुरते न्यायचे आणि परत आणायचे, असा नियम आहे. सात जोड परत आलेले नाहीत. नेणाऱ्यांना नोकरी लागली असेल, तर ते बूट त्यांना बक्षीस. लागली नसेल, तर त्यांनी परत यावे, बुटांसकट.

४. माजी कुलसचिवांना माझी पत्र्याची पेटी पंधरा दिवसांसाठी द्यावी. "या मुलांना तोंड उघडता येत नाही, बाई, कशाला खपता?" असे ते म्हणाले होते. पेटीत चारशे बारा नेमणूकपत्रांच्या प्रती आहेत. त्यांनी त्या मोठ्याने वाचाव्यात.

५. बँकेत उरेल ते खोलीच्या दिव्यापाण्याला. अंमलबजावणी धाकट्या बहिणीने करावी. तिला ठामपणे नाही म्हणता येते. बूटही तिने एकदाच दिले होते.

मजकूर वाचून, समजून सही करते.

(सही)

स्थळ: पुढची खोली. शनिवार, ९ जून, सकाळी अकरा.

साक्षीदार १: (सही) 'इस्त्री'ची आई. व्यवसाय: ~~काही नाही~~ कपड्यांना इस्त्री, पंचेचाळीस वर्षे.

साक्षीदार २: (सही) शेजारचे डॉक्टर.

खुलासा: पहिल्या साक्षीदार म्हणाल्या, "दुकान केव्हाच बंद केलं, बाई. आता काय लिहू?" मी विचारले, "पंचेचाळीस वर्षं काय केलंत?" म्हणाल्या, "कपडेच तर दाबले." "मग तेच लिहा." वर खोडलेले दोन शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. या दस्तात दुसरी खाडाखोड नाही. शेजारी आम्हा तिघांच्या सह्या आहेत.