उन्हाळा का येतो?

सोमवार, ३. सकाळी ९.
आमच्या ऑनलाइन शंका-केंद्रात मुलं प्रश्न पाठवतात, आम्ही उत्तरं देतो, आणि मग ती आम्हाला स्टार देतात. काल जन्मलेली कार्टी! माझं रेटिंग २.९. मॅनेजर म्हणाला, शनिवारपर्यंत चार झालं नाही तर खुर्ची रिकामी करा. मी वीस वर्षं शाळेत शिकवलंय. सगळे विषय. संकल्प: आजपासून गोड बोलणार.

मंगळवार, ४.
एकाने अपूर्णांक विचारले. अत्यंत गोड शब्दांत लिहिलं की बाळा, वर्गात झोपा काढल्या की असंच होणार. एक स्टार. एकीला व्याकरण अडलं होतं, तिला पुस्तक उघडायचा सल्ला दिला. एक स्टार. पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार, ५.
तोडगा सापडला. सहावीतली मुलगी म्हणून खोटं खातं उघडलं. मीच विचारणार, मीच उत्तर देणार, मीच पाच स्टार. ही फसवणूक नाही, उशिरा मिळालेला न्याय आहे. माझा हातखंडा प्रश्न टाकला: उन्हाळा का येतो?

गुरुवार, ६.
प्रश्न गेला शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे! सिस्टीम म्हणे प्रश्न आपोआप वाटून देते. बाईंचं रेटिंग ४.९, वय माझ्या भाचीएवढं. उत्तर काय, तर पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. साफ चूक! पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. मुलीच्या खात्यातून खडसावून कळवलं की आमच्या मास्तरांनी असंच शिकवलंय, वर एक स्टार ठोकला. आज डबा गोड लागला.

शुक्रवार, ७.
बाई चिडल्याच नाहीत. त्याचाच जास्त राग आला. लिहितात, "माझंच सांगणं कमी पडलं. जवळ गेल्याने उन्हाळा आला असता, तर सगळ्या पृथ्वीवर एकदमच आला असता ना? दिवा आणि चेंडू घेऊन बघ."
घरात चेंडू नाही. दिव्याभोवती बटाटा तिरका धरून फिरवला. बायको म्हणाली, झालं असेल तर द्या, चिरायचाय.
च्यायला, पटलं.

शनिवार, ८. दुपारी.
चहाला बाई सांगत होत्या, एक मुलगी फार भांडते, पण हुशार आहे. कुठल्या तरी मास्तरने तिला चुकीचं शिकवलंय. "तो सापडला ना, तर चांगलं सुनावणार आहे त्याला." म्हटलं, असतात एकेक.
माझं रेटिंग २.७. मॅनेजरने ओळखपत्र काढून घेतलं. त्याला खड्ड्यात जा म्हणणार होतो, घाईत राहून गेलं.

संध्याकाळी, घरी.
मास्तरचं खातं बंद झालं. मुलीचं चालू आहे. बाईंना पाच स्टार दिले. लगेच निरोप आला, शाब्बास, अजून काही अडलंय का.
भरती-ओहोटी का येते, हेही मी वीस वर्षं शिकवलंय.
विचारलं.