चिमणीचं अस्तर

आई, गेल्या महिन्यात आमच्या दारात अग्निशामक दलाची गाडी आली, आणि ती माझ्यामुळे आली. न्यू जर्सीतलं हे आमचं घर जुनं आहे, विटांच्या चिमणीचं. बर्फात वीज जाते म्हणून लाकडाचा स्टोव्ह घेतला. चिमणी तपासायला आलेला माणूस म्हणाला, आतलं मातीचं अस्तर तडकलंय, आतून स्टीलचा पाइप सोडल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नका. त्याला लगेच वेळ नव्हता आणि माझ्याकडे हळदीकुंकू होतं. येणाऱ्या बायकांना पेटलेला स्टोव्ह दाखवायचा होता मला. "इतकी वर्षं लोक इथे लाकडं जाळतच होते ना," म्हणत मी नवऱ्याकडून तो तसाच जोडून घेतला.

चिमणी सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीतून वर जाते. बायका जमल्या होत्या, तेवढ्यात त्या जिन्यात येऊन म्हणाल्या, "अगं, वर धुराचा वास येतोय. डोकं जड झालंय माझं." मी स्वयंपाकघरात एकटीच तिळाच्या वड्या ताटात मांडत होते. म्हटलं, "आई, भास होतो तुम्हाला. जरा पडा." माझी लेक म्हणाली, "मॉम, आय कॅन स्मेल इट टू." तिलाही मी गप्प केलं.

तुझं कऱ्हाडचं स्वयंपाकघर आठवतं. धुराडं तुंबलंय, असं तू सांगतेस आणि बाबा म्हणतात, तुला भास होतो. एकदा मीही त्यांच्यासारखंच म्हणाले, तेव्हा तू मला चुलीपाशी बसवलंस. "भाकऱ्या होईपर्यंत उठायचं नाही." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि तू थापत राहिलीस. एवढं शिकवून तू गेलीस, त्यालाही आता किती वर्षं झाली.

थोड्या वेळाने वरचा धुराचा अलार्म वाजला. नवऱ्याने सासूबाईंना धरून खाली आणलं, पाय लटपटत होते त्यांचे. सगळ्या बायका साड्या सावरत बर्फात उभ्या. शेजारणीच्या गाडीत ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या सासूबाई त्यांना सांगत होत्या, "माझंच चुकलं. वर धूर होता, पण म्हातारपणी नाकाला वास कळत नाही." मी तिथेच उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या, बऱ्या आहेत. चिमणीत पाइपही बसलाय. माफी मागायची ती त्यांची, आणि लिहितेय तुला, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस. आत्ता त्या समोर मटार सोलत बसल्यात. मघाशी म्हणाल्या, "इतकं काय लिहितेस गं?"

ऑफिसचं आहे, म्हणाले मी.