बांबू धरून उभा माणूस

४ फेब्रुवारी १९७४

गिरणीच्या लाइनी, कामगारांच्या त्या बैठ्या खोल्या, पाडणार! तिथं सिमेंटच्या दुमजली खोल्या होणार, म्हणे. दुपारी अप्पांचे फोटो काढून मागच्या पडवीत मांडले. अप्पा गिरणीत ओव्हरसियर होते. दरवर्षी त्याच एका कोपऱ्यावरून लाइनींचा फोटो घ्यायचे. आधी धाब्याची छपरं, मग कौलं. चिमणी अर्धी, मग पुरी. नळ आला त्या वर्षी नळाभोवती बायका — आणि प्रत्येक फोटोत, भिंतीची उंची कळावी म्हणून, बांबू धरून उभा एक माणूस. चेहरा एकातही नाही. नुसता धुरकट डाग.

५ फेब्रुवारी

चंद्रव्वा मागच्या दारानं दही घेऊन आली. लाइनीतच राहते. फोटो बघून तिनं गाडगं खाली ठेवलं.

"ह्ये आमचं मालक की, अक्का."

म्हणजे बिरप्पा. लहानपणी शाळेच्या सुट्टीत घरी आले की ऐकायची — अप्पा ओरडताहेत, "बिरप्पा, भिंतीसारखा उभा राहा!" तिला सांगितलं, त्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा, तोंड हललं की पुसलं जायचं.

"हालणारच की. झोपंत सुदिक बोलायचं." हसली. मग म्हणाली, "नव्या खोलीत त्येंचा फोटू लावायचा हाय. लई वर्सं झाली त्येस्नी जाऊन. तोंड आटवंना झालंय, अक्का."

७ फेब्रुवारी

लाइनीत जाऊन आले. अप्पांच्या कोपऱ्यावर आता सायकलचं दुकान. फोटो हातात धरून एकेक घर ताडून बघितलं. खिडक्या बुजवल्यात, ओट्यांना आडोसे आलेत. चंद्रव्वाच्या दाराची कमान तेवढी तशीच. आत भिंतीवर एक रिकामा खिळा. "ह्यो खिळा बी काढून न्यायचा," म्हणाली.

घरी येऊन अप्पांच्या तसबिरीचा हार बदलला. कोट, डोक्याला रुमाल, आणि किंचित फुगलेला डावा गाल — दाढ दुखत असावी. ते गेले तेव्हा मी दहा वर्षांची, बेळगावला कॉन्व्हेंटात. आईनं परीक्षा होईपर्यंत कळवलंच नाही. घरी आले तर अप्पांच्या जागी ही तसबीर. मला त्या गालाचीच सगळ्यांत जास्त माया.

९ फेब्रुवारी

बिरप्पाचा फोटो घेऊन सात रस्त्याला शिवयोगींच्या फोटो स्टुडिओत गेले. त्यांनी भिंगातून बघून मान हलवली. "तोंडच नाही की, बाई. भाऊबिऊ असला तर आणा. त्याला बसवून फोटो काढू, वरनं रंग देऊ. आमचे वडील असंच करायचे." बिरप्पाला भाऊ नव्हता. मुलगा आईवर गेलेला.

शिवयोगींनी फोटो पुन्हा हातात घेतला. हसले.

"हा बांबूवाला? वडील लई रंगवून सांगायचे याची गोष्ट. तुमच्या अप्पांनी जगाचे फोटो काढले, स्वतःचा एक नाही. ते गेल्यावर, उंची सारखी म्हणून तुमच्या आईंनी यालाच कोट घालून आणलं. हा गप्प बसेना! शेवटी वडिलांनी सुपारीचं खांड दिलं गालात धरायला. तुम्हाला ठाऊक असेलच की."

"हो, ठाऊक आहे," म्हणाले.

१० फेब्रुवारी

हार घातला नाही.

१२ फेब्रुवारी

"झालं का काम?" चंद्रव्वानं विचारलं. "बघते," म्हणाले.

डोळे मिटून अप्पांना आठवत बसले. चेहरा हाच येतो. खरे अप्पा म्हणून आठवते ती कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली वाकलेली पाठ. तसबीर तिला दिली तर मला तेवढंच उरणार. नाही दिली तर — रोज सकाळी कुणाला हार घालू?

कॉन्व्हेंटातल्या मदर म्हणायच्या, संध्याकाळी वहीत खोटं लिहायचं नाही. लिहिते — मला ती द्यायची नाहीये.

१५ फेब्रुवारी

आज चंद्रव्वाला पुढच्या दारानं आत बोलावलं. या खोलीत ती कधी आलीच नव्हती. तसबिरीसमोर उभी राहिली. मग डोक्यावरून पदर घेतला.

तसबीर उतरवून तिच्या हातात दिली. कशी झाली तेही सांगितलं. तिनं काचेवर गालाला बोट लावलं, हसली. दारापर्यंत गेली आणि उजेडात पुन्हा बघून म्हणाली,

"कोट खांद्यात ढिला हाय की. कुणाचा?"

"अप्पांचा."

अप्पा खांद्यांनी रुंद होते, तर.