सतरा बैलांचं खोड

एरंडोल तालुका,
माघ शुद्ध पंचमी, शके १८४०

प्रिय रुपचंद,

तुझं बसऱ्याचं पत्र परवा मिळालं. त्यात तू पुन्हा विचारलंस, भाऊ, खोड कोरून पुरं झालं का? झालं होतं. पण आता ते नाही. कसं गेलं ते सांगायला मला दोन दिवस धीर झाला नाही.

तू पलटणीत गेलास त्याच्या आदल्या वर्षी गिरणेच्या पुरात ते सागाचं खोड वाहत आलं आणि आपण दोघांनी दोर टाकून काठाला ओढलं, आठवतं ना? शेतातून आलो की सुताराने टाकून दिलेल्या पटाश्या घासून मी त्याच्यापाशी बसायचो. कोणी शिकवलं नाही, त्याचा उपयोगही काही नव्हता. लाकडातून बैलाचं वशिंड वर येताना दिसलं की जिवाला बरं वाटायचं, एवढंच. खोडाभोवती फिरणारी पोळ्याची मिरवणूक कोरली. सतरा बैल, सगळे आपल्याच गावचे. शेजारच्या तोतारामचा पवळ्या, एक शिंग खाली वळलेला, लोकांनी लगेच ओळखला. तोतारामची बायको भिकुबाई तर त्या लाकडी पवळ्याला हळदकुंकू लावून गेली.

यंदा पाऊस आलाच नाही, आणि भाद्रपद सरता सरता मानमोडीचा ताप आला. सकाळी अंग मोडून आलेला माणूस तिसऱ्या दिवशी जायचा. एकाच घरातून दोन-दोन तिरड्या निघाल्या. आधी गोवऱ्या संपल्या, मग सरपण, मग लोकांनी गोठ्यांच्या मेढी उपटल्या, मोडके नांगर दिले. मीही लहानसहान कोरलेलं सगळं देऊन टाकलं, ते घोडे, मोर, देवळीतला गणपतीसुद्धा. मोठं खोड मात्र दिलं नाही. गोठ्यात नेऊन त्यावर कडबा रचला.

भिकुबाई गेली त्या दुपारी तोताराम आपल्या दारात आला. त्याच्याही अंगात ताप होता. म्हणाला, "भाऊ, बठ्ठं गाव धुंडाळं. कोठेच लाकूड नई. तुन्हं ते मोठं दे."

मी म्हणालो, "ते ओलं शे."

दोन वर्षं घरात वाळलेलं लाकूड, रुपचंद! त्याला ते माहीत होतं. कडब्यातून बाहेर आलेलं खोडाचं टोकही त्याने पाहिलं. भिकुबाईला गाडीत घालून गिरणेच्या कोरड्या पात्रात घेऊन गेला आणि हातांनी वाळू उकरून पुरून आला. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा जावं लागलं. कुत्र्यांनी वाळू उकरली होती. मी ओट्यावरून त्याला फावडं घेऊन जाताना पाहिलं आणि आत येऊन बसलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आपल्या घरातलं माणूस गेलं. कोण, ते लिहितो. आधी हे लिहून होऊ दे. मी कडबा बाजूला सारला, खोड अंगणात ओढलं. कुऱ्हाड उचलली, पण घाव नेमका बसेना. फाटकाशी कोणीतरी उभं होतं. तोताराम. मला वाटलं, आता हा सगळ्या गावासमोर विचारणार, ओलं लाकूड कसं पेटणार म्हणून. तो आत आला.

"कुऱ्हाड मनाकडे दे, भाऊ."

सगळं खोड त्यानेच फोडलं. पवळ्यापाशी जरासा थांबला, बोटाने त्याच्या शिंगावरची धूळ पुसली आणि घाव घातला. तिरडीला खांदाही दिला. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो मागे सरला. अजून तो माझ्याशी बोलतो, आपली गाय व्याली तेव्हा मदतीलाही आला. पण घोटभर पाणी आपल्या घरचं घेत नाही. मी पटाश्या सुताराकडे परत देऊन आलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फाल्गुनात तुझी सुटका होते आहे, तानूसाठी तू हिरवं रेशमी कापड घेतलंस, असं तू लिहितोस. ते वाचल्यावर गप्प राहता येईना. रुपचंद, त्या चितेवर तानू होती. आश्विन वद्य चतुर्थीला गेली. तिला अक्षर येत नव्हतं, तिची पत्रं ती सांगायची आणि मी लिहायचो, हे तुला ठाऊक आहे. दिवाळीनंतर तुला तिच्या नावाने आलेली दोन्ही पत्रं मी एकट्याने लिहिली. तिनेच तुला कळवू नको म्हटलं, असं सांगून मला सुटता आलं असतं. पण शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवरच नव्हती. लढाईत तुला हे कळू नये, असं मीच ठरवलं. तू गेल्यावर झालेली तुझी लेक कमल बरी आहे, तिला चार दात आलेत. ती तुझ्या वहिनीला आई म्हणते. आम्ही तिला अजून काही शिकवलं नाही. तू येशील तेव्हा तुला काय हाक मारायची, ते तूच तिला सांग.

तुझाच,
हिलाल